फियाटमागचा माणूस

एरंडोल-पारोळ्यावरून जळगाव-धुळे अशा चकरा मी वर्षानुवर्षे माझ्या फियाटने मारल्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. आजही दुसऱ्या गाडीत हात तिकडेच जातो. ही गाडी ज्या कारखान्याची, त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. रेल्वेची कंत्राटे घेतली, १९१९ मध्ये सोबत्यांसह सिंदिया जहाज कंपनी काढली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर कंपनी उभारली. पण मध्यमवर्गाची लाडकी फियाट ११०० इथल्या रस्त्यांवर येण्याआधीच, १९५३ मध्ये, ते गेले. बँकेत मी कर्जांच्या मुदती पुष्कळ तपासल्या. या गृहस्थांच्या भांडवलाची मुदत मात्र त्यांच्या आयुष्याहून लांब निघाली. व्याज आमच्यासारख्या घरांनी खाल्ले.