विश्लेषण : कण मोजणारे होमी भाभा आणि चिपमधला ‘टायमर’... नाते काय?

चौकातल्या सिग्नलवर सेकंद उलटे मोजले जातात, वॉशिंग मशीन ठरलेल्या मिनिटाला थांबते, विजेच्या मीटरवरचा दिवा लुकलुकतो आणि युनिट वाढत जाते. या कामांमागे मायक्रोकंट्रोलर ही लहानशी चिप असते आणि तिच्यात फक्त मोजणी करणारा एक वेगळा भाग असतो : टायमर-काउंटर. इलेक्ट्रॉनिक मोजणीच्या या तंत्राला चालना मिळाली ती अणुभौतिकीच्या प्रयोगशाळांत. भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. होमी भाभा यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या जीवनप्रवासातून हे तंत्र समजून घेऊ.

अभियंता होण्यासाठी गेले, पण...

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. दोराबजी हे नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजींचे थोरले चिरंजीव. होमी यांनी केंब्रिजमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवल्यास पुढे गणित शिकता येईल, असे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये तो वर्ग मिळाला आणि भाभांची वाट बदलली.

तेव्हा मोजणीची अडचण काय होती?

गायगर नळीतून विद्युतभारित कण गेला की विजेचा एक क्षणिक ठोका मिळतो. हे ठोके मोजायला त्या काळी यांत्रिक मोजणीयंत्र होते. त्याचे चाक एक घर पुढे सरकेपर्यंत दुसरा ठोका आला, तर तो मोजायचा राहून जाई. सुटलेला ठोका परत मिळत नाही, त्यामुळे प्रयोगाचा निष्कर्षच चुकण्याची भीती असे.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत सी. ई. विन-विल्यम्स यांनी १९३२ मध्ये यावर उपाय मांडला. दोन ठोके आत आले की एकच पुढे पाठवणारे मंडल त्यांनी तयार केले. अशी पाच मंडले ओळीने जोडली की दर ३२ ठोक्यांना शेवटी एक ठोका मिळतो. तेवढा वेग यांत्रिक चाकाला झेपतो. भाभा त्या काळात केंब्रिजमध्येच संशोधन करत होते.

चिपमध्ये हेच तत्त्व कसे वापरतात?

आजच्या चिपमध्येही दोन स्थितींत आलटून-पालटून राहणाऱ्या मंडलांची अशीच ओळ असते. आठ मंडले असतील तर ० ते २५५ पर्यंत मोजता येते. पुढच्या ठोक्याला, जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मीटरसारखा, आकडा पुन्हा शून्यावर येतो. याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्या क्षणी प्रोसेसरला सूचना देता येते. ती म्हणजे इंटरप्ट.

ठोके बाहेरून, म्हणजे एखाद्या सेन्सरकडून आले तर हा भाग काउंटर ठरतो. तेच ठोके चिपच्या स्वतःच्या घड्याळातून आले तर तो टायमर होतो. समजा, घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. प्रीस्केलरने त्याला ६४ ने भागले की सेकंदाला अडीच लाख ठोके उरतात. त्यातले २५० मोजले की बरोबर एक मिलिसेकंद होतो. तोवर प्रोसेसर दुसरे काम करू शकतो. प्रोसेसरलाच आकडे मोजत बसवले तर त्याची बाकीची कामे खोळंबतात किंवा एखादा ठोका निसटतो.

भाभांना मोजणीची गरज का पडली?

१९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी वैश्विक किरणांचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्यातून नव्या कणांची सरच कशी कोसळते, हे त्यांनी गणिताने दाखवले. १९३९ मध्ये भाभा सुटीवर भारतात असतानाच महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. ते बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. रामन होते. तरुणपणी काही काळ नागपुरात लेखा खात्यात नोकरी केलेले हे रामन. शहरातले रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचे आहे.

भाभांनी बंगळूरुमध्ये प्रयोगही सुरू केले. एकावर एक गायगर नळ्या ठेवायच्या आणि सर्व नळ्यांतून एकाच वेळी ठोका आला तरच तो मोजायचा, अशी ही रचना. त्यामुळे भलत्या दिशेने आलेले कण वगळले जातात. १९४४ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून अशी उपकरणे उंचावर नेऊन मोजणी करण्यात आली.

पुढे काय झाले?

टाटा ट्रस्टच्या मदतीने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. १९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुभट्टीत न्यूट्रॉनांची मोजणी चुकली तर नियंत्रणच सुटू शकते. म्हणून ही उपकरणे देशातच बनली पाहिजेत, यावर भाभांचा भर होता. त्यांच्या संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला.

१९६३ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद भाभांकडे आले. मात्र २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ येथे एअर इंडियाच्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. समितीचा अहवाल त्याच वर्षी आला. १९६७ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. मायक्रोकंट्रोलर त्यानंतर काही वर्षांनी आले. ते पाहायला भाभा नव्हते, पण त्या चिपमधली दोनाला एक ही मोजणी त्यांच्या पिढीच्या प्रयोगशाळांत आधीच सिद्ध झाली होती.