लिओ फेंडर : गिटार न येणारा गिटारवाला

स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे का? मला कळलं तेव्हा खरंच वाटेना.

लिओचा जन्म १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. आई-वडिलांची संत्र्याची बाग होती. ८ व्या वर्षी ट्यूमरमुळे एक डोळा गेला. शिकला अकाउंटन्सी, इलेक्ट्रॉनिक्स स्वतःच शिकला. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे वादक ॲम्प्लिफायर घेऊन यायचे. लिओ त्यांच्या तक्रारी नीट ऐकायचा.

म्हणून १९५० साली त्याने भरीव लाकडाची जी गिटार बाजारात आणली, तिची नेक चिकटवलेली नव्हती, ४ स्क्रूंवर बसवली होती. खराब झाली? काढा, दुसरी लावा! हीच पुढची टेलिकास्टर. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर ३ पिकअप, स्विच आणि ३ पॉट एकाच पिकगार्डवर. स्क्रू काढले की अख्खं सर्किट समोर.

त्यामुळेच मी सुट्टीत सुटे भाग आणून गिटार जोडू शकलो. पिकअपच्या वायरी स्विचला, तिथून व्हॉल्यूम पॉट, मग जॅक. ग्राउंड सगळ्यांचं एकत्र. बस्स, फर्स्ट इयरचं सर्किट!

आजारपणामुळे १९६५ साली त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पण बरा झाल्यावर गप्प बसेल तर तो लिओ कसला! पार्किन्सन्स झाला तरी नव्या गिटारी बनवणं चालूच होतं. १९९१ साली तो गेला.

डिग्री इंजिनिअरिंगची नव्हती, पण वापरणाऱ्याचं ऐकायची सवय होती. आपल्या सिलॅबसमध्ये तेवढंच राहून गेलंय!