तेविसाव्या वर्षी सिंगल मदर

वय वर्षं २३. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला आणि आता नवराही कॉलऱ्याने गेला. कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी, मनोरमा. लग्न जातीबाहेर केलेलं, त्यामुळे नातेवाइकांकडे जायची सोय नाही. १८८२ सालची ही सिंगल मदर म्हणजे पंडिता रमाबाई.

पण त्यांच्या हातात एक गोष्ट होती, शिक्षण. आईने त्यांना लहानपणीच संस्कृत शिकवलं होतं. गावोगाव पुराणं सांगून त्या जगल्या होत्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. नवऱ्यामागे त्या पुण्यात आल्या, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडचं भाडं उभं केलं. तिथे स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवलंही.

विद्या होती म्हणून आपण तरलो. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्या विधवांचं काय? हा प्रश्न घेऊन त्या अमेरिकेत फिरल्या. बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संस्था उभी राहिली, दहा वर्षं पैसे द्यायचं ठरलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झालं, फक्त दोन विद्यार्थिनींवर! लवकरच गोदूबाई ही तरुण विधवा तिथे आली. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालेल्या आनंदीबाई त्या याच.

सगळं सुरळीत चाललं असं अजिबात नाही. रमाबाई इंग्लंडमध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या. सदन पुण्यात आल्यावर धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही दूर झाले.

तरी काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायकांना आणलं. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात ‘मुक्ती’ उभं राहिलं. तिथे नुसतं जेवणखाण आणि निवारा नव्हता. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना अशी कामं बायकाच शिकायच्या आणि बायकाच चालवायच्या. अत्याचार झालेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळं ‘कृपा सदन’ होतं. अंध मुलींनाही शिकवलं जायचं आणि त्यात पुढाकार होता मनोरमेचा. आईच्या कडेवरची ती मुलगी आता आईचा उजवा हात झाली होती.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या.

एकट्या बाईला आसरा द्यायला हवाच, पण तो कधीही काढून घेता येतो. हातातलं काम मात्र तिचं स्वतःचं असतं. रमाबाईंनी हे स्वतः जगून पाहिलं होतं, म्हणून त्यांच्या आश्रमात छापखाना होता, तेलघाणा होता. केडगावचं ‘मुक्ती’ आजही सुरू आहे.