दुष्काळाची खूण आणि केडगावची माया

दौंड तालुक्यातील केडगावचे नाव पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे सर्वदूर पोहोचले. या संस्थेची मुळे मात्र रमाबाईंनी ऐन किशोरवयात सोसलेल्या उपासमारीत शोधावी लागतात.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. १८७४ मध्ये दुष्काळाने हे छत्र हिरावले. आई-वडील गेले, पुढे थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवासासह अर्धपोटी पायपीट करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून त्यांचा गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी यांचे निधन झाले. तान्ह्या मनोरमेसह त्या पुण्यात आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींचे हाल ऐकून त्यांच्या जुन्या स्मृती जाग्या झाल्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने केडगावच्या शेतजमिनीवर निवारे उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुलीही येथे आल्या. पोटभर अन्न, शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना असा त्यांचा दिनक्रम बसला.

'हार्मोन' हा शब्द रूढ झाला तो १९०५ मध्ये, म्हणजे मुक्तिसदनानंतर. संकटात मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडावरील ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पुरेसे कॉर्टिसॉल झाले की मेंदूच हा स्राव आवरतो. बालपणी ताण दीर्घकाळ टिकला, तर हा लगाम बिघडू शकतो. मग पुढे किरकोळ प्रसंगीही शरीर जोराने उसळते, तर काहींच्या बाबतीत आवश्यक तेव्हाही ते थंड राहते. मात्र ही खूण म्हणजे विधिलिखित नव्हे. मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवून दिले, की आईने अधिक चाटलेली उंदराची पिल्ले मोठेपणी ताणाला सौम्य प्रतिसाद देतात. माणसाचे आयुष्य उंदराहून गुंतागुंतीचे असते, तरीही भरवशाच्या माणसाचा सहवास मुलांमधील ताणाचा प्रतिसाद सौम्य करतो, असे अभ्यास सांगतात.

रमाबाईंचे किंवा त्या मुलींचे कॉर्टिसॉल कोणी मोजले नव्हते. पण भुकेल्या मुलीला केवळ भाकरी पुरत नाही, उद्याचीही खात्री लागते, हे रमाबाईंनी अनुभवातून जाणले होते. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच रमाबाईंनी अखेरचा श्वास घेतला. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले, त्याच्याच आठवणीने शेकडो पोरक्या मुलींना घर मिळाले.