विश्लेषण : एअरगन हाती घेतलेला मुलगा पक्षीशास्त्रज्ञ कसा झाला? सलीम अलींच्या पहिल्या बंदुकीची गोष्ट

लहान मुलाच्या किंवा नवशिक्या शिकाऱ्याच्या हाती पहिली बंदूक कोणती द्यावी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या अनेक सुखवस्तू घरांत पडत असे. आज तो अमेरिकेसारख्या देशांत पडतो. मुंबईच्या खेतवाडीतल्या एका घरात या प्रश्नाचे उत्तर होते एअरगन. ती ज्या मुलाला मिळाली त्याचे नाव सलीम अली. पुढे देशातले सर्वांत मोठे पक्षीशास्त्रज्ञ म्हणून ते ओळखले गेले. या प्रवासात बंदुकीचा वाटा किती होता आणि माणसांचा किती?

पहिली बंदूक हलक्या धक्क्याची का हवी?

गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक तेवढ्याच जोराने मागे येते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. या मागे येणाऱ्या धक्क्याला रिकॉइल म्हणतात. गोळी जड असेल, दारू जास्त असेल आणि बंदूक वजनाला हलकी असेल, तर खांद्याला बसणारा दणका वाढतो.

खरा तोटा खांदा दुखण्याचा नसतो. एकदा दणका बसला की नवशिक्या पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि नेम चुकतो. ही खोड लागली की सुटायला फार वेळ लागतो. नेम चुकला की जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते. त्यामुळे हरणाची शिकार कायदेशीर असलेल्या देशांत नवशिक्यांना ‘२४३ विंचेस्टर’सारखी रायफल सुचवतात. तिची गोळी साधारण सहा ग्रॅमची असते. जुन्या ‘३०-०६’ रायफलची गोळी दहा-अकरा ग्रॅमची. तिच्या तुलनेत २४३ चा धक्का निम्म्याच्या आसपास भरतो.

एअरगन यांच्याही फार खाली. तिचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. धक्का जवळजवळ नाहीच. त्यामुळे मुलाचे लक्ष दणक्याकडे न जाता समोरच्या लक्ष्याकडे राहते.

खेतवाडीच्या तबेल्यात काय घडले?

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना वाढवले. मामा स्वतः हौशी शिकारी होते. घरात शिकारीची पुस्तके होती, गप्पा शिकारीच्या होत्या. नेमबाजीच्या चढाओढीत सलीमसोबत असणारा एक दूरचा नातलग इस्कंदर मिर्झा. पुढे तो पाकिस्तानचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

साधारण १९०६-०७ मधली गोष्ट. घराच्या तबेल्यातल्या भिंतीच्या भोकात चिमणीचे घरटे होते. आत मादी अंडी उबवत असे, तोंडाशी नर पहारा देई. सलीमने नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा हजर. सात दिवसांत आठ नर पडले.

आज हे वाचताना वाईट वाटते. पण त्या पोराने ही हकीकत लिहून ठेवली होती. मादीकडे दर वेळी नवा जोडीदार जणू तयारच असे, हे निरीक्षण त्या नोंदीत होते. सुमारे साठ वर्षांनी ती पक्षीनिरीक्षकांच्या नियतकालिकात छापली गेली. निशाणा साधायला जितके बारकाईने पाहावे लागते, तितकेच बारकाईने तो पोरगा पक्ष्याचे वागणे पाहत होता.

पिवळ्या गळ्याच्या चिमणीने काय बदलले?

पुढे एकदा एअरगनने पाडलेल्या चिमण्यांत एक वेगळी निघाली. गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी खाणे धर्माला चालते का, ही शंका घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांना तो पक्षी ओळखता आला नाही. ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. मामांनी भाच्याच्या हाती त्यांच्या नावे चिठ्ठी दिली.

मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले. एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते. पण त्यांनी संस्थेच्या संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली, पक्ष्याची कातडी सोलून नमुना कसा टिकवायचा हे शिकवण्याची व्यवस्था केली.

मारलेला पक्षी घेऊन आलेल्या मुलाला कुणी रागावले नाही आणि शाबासकी देऊन परतही पाठवले नाही. तू काय मारलेस हे तुला ठाऊक आहे का, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवला गेला.

मग शिकारी होण्याचे स्वप्न लगेच सुटले का?

नाही. मोठा शिकारी व्हायचे हेच त्यांचे स्वप्न पुढेही काही वर्षे राहिले. शिक्षणात मन रमेना. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. नंतर ब्रह्मदेशातल्या ताव्हॉय येथे कुटुंबाच्या खाणीचे आणि लाकडाचे काम पाहायला गेले. तिथल्या जंगलात भटकंती भरपूर झाली, धंदा मात्र जमला नाही. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तर निधीअभावी नोकरीच उरली नव्हती. बिऱ्हाड अलिबागजवळच्या किहीमला हलले. तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही नावाजला जातो. या वेळी हातात बंदूक नव्हती. होती ती वही, दुर्बीण आणि तासन् तास एका जागी बसण्याची सवय.

बंदूक कायमची सुटली का?

इथे गोष्ट सोपी करून सांगण्याचा मोह टाळायला हवा. संस्थानांच्या पक्षी सर्वेक्षणांत सलीम अलींनी शास्त्रीय नमुन्यांसाठी पक्षी टिपले. त्या काळी जाती निश्चित करण्याचा तोच मार्ग होता. १९३१ मध्ये सुरू झालेले हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण त्यांपैकीच. तेव्हा या संस्थानाची हद्द सोलापूर जिल्ह्याला भिडत होती.

फरक पडला तो कारणात. मौजेसाठी किंवा फुशारकीसाठी मारणे मागे पडले. पत्नी तेहमिना या सर्वेक्षणांत सोबत असत. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आले आणि बंदुकीशिवाय पक्षी ओळखण्याचा रस्ता सामान्य वाचकाला खुला झाला. एस. डिलन रिप्ली यांच्यासोबत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती असे मान मिळाले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोलापूरशी या गोष्टीचा संबंध काय?

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा आग्रह सलीम अलींनी धरला होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोठ्या चणीचा, जमिनीवर वावरणारा माळढोक शिकाऱ्यांना सहज सापडे. त्यातच माळराने घटत गेली आणि हा पक्षी नाहीसा होऊ लागला. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळरानांवर माळढोक अभयारण्य झाले. सोलापूर शहराजवळचे नान्नज हे त्याचे सर्वांत परिचित ठिकाण. आज तिथे माळढोक क्वचितच दिसतो. काळविटांचे कळप आणि लांडगे मात्र दिसतात.

आज नवशिक्याने काय करावे?

भारतात हौसेच्या शिकारीला जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच काढून टाकली. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. नेमबाजीच्या सरावासाठी तेवढी वेगळी तरतूद आहे.

नेमबाजीची आवड असेल त्याला सरावाचे केंद्र खुले आहे. तिथेही सुरुवात दहा मीटर एअर रायफलनेच होते आणि कारण तेच : आधी श्वास, नजर आणि चाप यांचा मेळ, मग जड बंदूक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकले ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात. त्यातली पॉइंट टू टू रायफलही कमी धक्क्याचीच.

आणि पोराच्या हाती एअरगन असो वा मोबाइलचा कॅमेरा, त्याने काही टिपून आणले तर ते काय आहे हे त्याच्याबरोबर बसून शोधणारा मोठा माणूस लागतो. खेतवाडीतल्या मुलाला असे दोघे भेटले होते.