उमेदवारी कशासाठी? दादासाहेबांना आठवा!

१५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी जन्मलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सेनानी ठरले. पुणे कराराने जागा राखीव मिळाल्या, पण अंतिम कौल संयुक्त मतदारसंघाचा! परक्या पक्षाचे होयबा निवडून येण्याचा धोका तिथेच होता. १९३७ ला दादासाहेब बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लढून मुंबई विधानसभेत गेले. १९५७ ला लोकसभा जिंकली, तरी १९५९ व १९६४ ला भूमिहीनांसाठी सत्याग्रहात उतरले. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. सभागृह त्यांना चळवळीचे हत्यार होते, धंदा नव्हे. बांधवांनो, मत मागणाऱ्या आपल्या उमेदवाराला एवढेच विचारा : पडलास तरी मोर्चात दिसशील काय?