आंजेलो द फोन्सेका : देशी प्रतिमेचा प्रश्न

गोव्यातील सांतो इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका वैद्यकीय शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या सान्निध्यात त्यांची शैली घडली. परतल्यावर त्यांनी रंगविलेली साडी नेसलेली मरियामाता गोव्यातील अनेक कॅथलिकांना रुचली नाही. विरोध वाढला तेव्हा त्यांनी पुणे गाठले आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात चित्रसाधना केली. (कॅथलिक चित्रकाराला आसरा अँग्लिकन परंपरेतील आश्रमाने द्यावा, हेही बोलके आहे.)

या विरोधाचे स्वरूप तपासण्याजोगे आहे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने (१६१६) ख्रिस्तकथा ओवीत आणली आणि भाविकांच्या कानांनी ती स्वीकारली, डोळ्यांना मात्र वेदीवरचे युरोपीय रूपच पवित्र वाटत राहिले. शब्दाने देशी वेष घेतला तर ते भाषांतर, प्रतिमेने घेतला तर भ्रष्टता, असा काहीसा हा समज असावा. फोन्सेकांची चित्रे नेमकी या भेदावरच बोट ठेवतात.

कोणतीही एक कलाशैली चर्चची स्वतःची नव्हे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली मान्य केले. १९६७ मध्ये फोन्सेका पुण्यात निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला.